संगणकाची पहिली आज्ञा

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंत जे दोनचार क्षण जातात, त्यांची मालकी बायोस नावाच्या एका लहानशा आज्ञावलीकडे असते. स्मृती किती आहे, कळफलक जोडलेला आहे की नाही, तबकडी कोठे आहे, ह्याची ती चौकशी करते आणि विंडोज अथवा लिनक्ससारख्या मोठ्या कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवून बाजूला होते. मोठ्या कार्यप्रणालीत बिघाड झाला, तर निदान तशी सूचना तरी पडद्यावर येते. बायोसच बिघडली, तर सूचना देणारे बहुधा कोणी उरत नाही; पडदा काळाच राहतो. ह्या मुक्या बिघाडावर माणसाने उपाय कसा शोधला, ही हकिगत गेल्या अर्धशतकातील आहे.

बायोस हे नाव प्रथम गॅरी किल्डॉल ह्यांच्या सीपी/एम ह्या कार्यप्रणालीत आले. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते अध्यापक होते. १९७५ च्या सुमारास निरनिराळे कारखाने आपापल्या पद्धतीचे लहान संगणक बनवीत असत आणि प्रत्येकासाठी सारी कार्यप्रणाली नव्याने लिहिणे परवडणारे नव्हते. म्हणून यंत्राशी थेट व्यवहार करणारा भाग किल्डॉल ह्यांनी वेगळा काढला. यंत्र बदलले, की तेवढाच भाग बदलावा व बाकीचा तसाच ठेवावा, अशी ती योजना होती. बायोसचा जन्म मुळी बदलण्यासाठीच झाला, असे म्हटले तरी चालेल.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पीसी जाहीर केला. त्यात ही आज्ञावली ८ किलोबाइटची असून एका कायम चिपमध्ये कोरलेली होती. कंपनीने तिचा संपूर्ण मजकूर आपल्या तांत्रिक ग्रंथात छापला. वाचण्यास मुभा होती, नक्कल करण्यास मनाई. १९८२ साली स्थापन झालेल्या ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने ह्यातून वाट काढली. एका गटाने मूळ बायोस काय काय करते ह्याचे वर्णन लिहिले आणि मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवी बायोस रचली. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने अशीच स्वतंत्र बायोस इतर कारखानदारांसाठी बाजारात आणली.

तरीही दुरुस्ती अवघडच होती. लिहिलेल्या चिपमध्ये चूक आढळली, तर ती चिप उपसून, अतिनील किरणांनी पुसून पुन्हा भरावी लागे. पुढे विजेने जागच्या जागी पुसता येणाऱ्या फ्लॅश चिप आल्या. बायोस बदलणे सोपे झाले, आणि तितकेच ती नासवणेही सोपे झाले. १९९८ मध्ये तैवानात निर्माण झालेल्या सीआयएच नावाच्या विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक देशांतील संगणकांच्या तबकड्या निकामी केल्या आणि जेथे जमले तेथे बायोसवरही निरर्थक मजकूर लिहिला. अशा संगणकावर दुरुस्तीची आज्ञावली चालवावी, तर तो संगणकच सुरू होत नसे. बहुधा नवी चिप बसवण्यावाचून गत्यंतर उरत नसे. प्रामाणिक हेतूने बायोसमध्ये फेरफार करणाऱ्या जिज्ञासूचीही एका चुकीने तीच अवस्था होई.

ह्यावरचा उपाय एका निराळ्याच प्रयत्नातून आला. १९६७ मध्ये आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रात सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे अशी चालवावी, की प्रत्येकाला आपण स्वतंत्र संगणक आहोत असेच वाटावे, ही तिची कल्पना होती. हीच कल्पना व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये घरगुती संगणकावर आणली. २००३ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ फाब्रिस बेलार ह्यांनी क्यूईएमयू प्रसिद्ध केली. आभासी यंत्रात बायोस चिपमध्ये नसते. ती एक साधी फाइल असते. ती नासली, तर मूळ प्रत पुन्हा ठेवावी. त्याहून महत्त्वाचे हे, की बायोसच्याही खाली उभे राहून तिच्याकडे पाहण्याची सोय प्रथमच सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आली.

अर्थात चुका टळल्या नाहीत. त्या दिसू लागल्या. अशा यंत्रात बदललेली बायोस चालत नाही, तेव्हा बहुधा तीनांपैकी एक कारण निघते. पहिले कारण जागेचे. ८०३८६ व त्यापुढील प्रक्रियक आपली पहिली आज्ञा ४ गिगाबाइटच्या मर्यादेच्या १६ बाइट अलीकडून उचलतो. बायोसची फाइल त्या मर्यादेला टेकवून बसवलेली असते. तिच्या शेवटी चार अक्षरे जरी वाढली, तरी आरंभीची आज्ञा जागेवरून ढळते. क्यूईएमयू तर ६४ किलोबाइटच्या पटीत नसलेली फाइल स्वीकारतच नाही. दुसरे कारण बेरजेचे. बायोसला जोडलेल्या पूरक आज्ञावलीतील सर्व बाइटांची बेरीज केली असता तिला २५६ ने निःशेष भाग जावा लागतो. यंत्राची माहिती देणाऱ्या अनेक तक्त्यांनाही हाच नियम आहे. त्यातील एखादे नाव बदलले आणि बेरीज जुळवायची राहिली, तर तक्ता खोटा ठरतो. तिसरे कारण गैरसमजाचे. क्यूईएमयूचे नेहमीचे यंत्र इंटेलच्या १९९६ च्या ४४०एफएक्स ह्या संचाची बतावणी करते. नव्या मदरबोर्डची बायोस त्यात घातली, तर ती तेथे नसलेल्या भागांचा शोध घेत अडकून पडते.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची युक्ती मात्र जुनीच आहे. १९८४ च्या पीसी/एटीपासून बायोस प्रत्येक टप्प्यावर षोडशमान पद्धतीतील ८० क्रमांकाच्या द्वारावर एक खूण पाठवीत आली आहे. शेवटची खूण ज्या टप्प्याची, तेथेच घोटाळा शोधावा. २००८ मध्ये केव्हिन ओ'कॉनर ह्यांनी सुरू केलेली सीबायोस ही खुली बायोस तर ४०२ क्रमांकाच्या द्वारावर आपली हकिगत सरळ शब्दांत लिहिते. क्यूईएमयूमध्ये पहिल्या आज्ञेपूर्वीच यंत्र थांबवून एकेक आज्ञा पाहत पुढे जाता येते. अनुभवी माणसे आधी न बदललेली बायोस चालवून पाहतात, मग एका वेळी एकच बदल करतात आणि दोन्ही फाइली बाइटागणिक ताडून पाहतात.

ह्या सोयीलाही मर्यादा आहे. आभासी यंत्राची स्मृती आरंभापासूनच तयार असते. खऱ्या मदरबोर्डवर ती बायोसलाच जागी करावी लागते. म्हणून आभासी यंत्रात उतरलेला बदल खऱ्या चिपवर उतरेलच, असे मानणारा अजूनही फसतो. २००५ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या देखरेखीखाली वाढलेली यूईएफआय ही नवी व्यवस्था नव्या संगणकांत बायोसच्या जागी आली आहे, आणि तिच्यातही पहिल्या आज्ञेआधी काय घडते, हा प्रश्न तसाच आहे. खऱ्या चिपला हात लावण्यापूर्वी मूळ प्रत जपून ठेवावी आणि ती परत कशी बसवायची हे आधी शिकून घ्यावे, हा १९९९ चा धडा आजही तितकाच खरा आहे.