के-१९ : आज्ञेचे ओझे

आपल्या शाळेची स्थापना ज्या दशकात झाली, त्याच दशकाच्या आरंभी, ४ जुलै १९६१ रोजी, उत्तर अटलांटिक महासागरात एका सोव्हिएत पाणबुडीवर जे घडले, ते जगाला कळण्यास सुमारे तीस वर्षे लागली. वरच्या वर्गांना शीतयुद्ध शिकवताना आम्ही करार, शिखर परिषदा आणि अण्वस्त्रांच्या संख्या फळ्यावर लिहितो. त्या संख्यांच्या आड उभी असलेली माणसे पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात. त्यांपैकी काहींची ही हकिकत.

अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे घेऊन जाणारी के-१९ ही सोव्हिएत संघाची पहिली अणुशक्तिचलित पाणबुडी. अमेरिकेची ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही पाणबुडी १९५९च्या अखेरीस सेवेत दाखल झाली होती. तिच्या बरोबरीला येण्याच्या घाईत के-१९ बांधली गेली आणि त्या घाईचे मोल पुढे तिच्या खलाशांनी मोजले. कप्तान निकोलाय झातेयेव यांनी नुकतीच पस्तिशी गाठली होती. त्यांच्या हाताखालच्या माणसांपैकी पुष्कळ जण तर विशीतले होते.

त्या दिवशी पहाटे एका अणुभट्टीच्या शीतकरण यंत्रणेतील दाब एकाएकी शून्यावर आला. थंड करणारे पाणी गळून गेले आणि भट्टीचे तापमान भराभर चढू लागले. अशा प्रसंगी उपयोगी पडावी अशी पर्यायी यंत्रणा पाणबुडीवर बसवलेलीच नव्हती. दूर अंतरावर संदेश धाडणारी अँटेनाही निकामी झालेली. वरिष्ठांना विचारण्याची सोय नव्हती. जो काही निर्णय घ्यायचा तो कप्तानालाच घेणे भाग होते.

त्यांनी तेथल्या तेथे नवी व्यवस्था उभारण्याची आज्ञा दिली. अणुभट्टीची हवा बाहेर सोडणारी नळी कापायची, तिला दुसरी नळी झाळून जोडायची आणि पाणबुडीवरचे साठ्याचे पाणी भट्टीत सोडायचे. कागदावर हे काम साधे दिसते, परंतु ते भट्टीच्या कक्षातच करावयाचे होते. किरणोत्सर्गापासून रक्षण करतील असे पोशाख नव्हते. जे होते ते रसायनांपासून बचाव करणारे, म्हणजे या कामापुरते रेनकोटच. मोजक्या मिनिटांच्या पाळ्या ठरल्या. पहिल्या पाळीत तरुण लेफ्टनंट बोरिस कोर्चिलोव होते. आत जाणाऱ्यांना आपण कोठे जात आहोत हे पुरते अज्ञात होते, असे मानण्याचे कारण नाही. बाहेर आलेल्यांची अवस्था पाहूनही पुढची पाळी आत गेली.

काम साधले. पाणी खेळू लागले, तापमान उतरले. मात्र किरणोत्सारी वाफ साऱ्या पाणबुडीत पसरली होती आणि १३९ जणांपैकी कोणीही तिच्यापासून सुटले नाही.

हा प्रसंग सांगितला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : कप्तान स्वतः आत का गेले नाहीत? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या मुलांचे मला कौतुकच वाटते. भट्टी थंड झाली म्हणजे सारे संपले असे नव्हते. तळ फार दूर होता. थेट घराकडे निघावे, तर वाटेतच माणसे दगावणार. म्हणून झातेयेव यांनी दक्षिणेकडे, जेथे आपल्या डिझेल पाणबुड्या सरावासाठी असतील असा त्यांचा अंदाज होता, तिकडे पाणबुडी वळवली. खलाशांत अस्वस्थता वाढत होती. बंड होईल या धास्तीने त्यांनी पाणबुडीवरील बहुतेक हलकी शस्त्रे समुद्रात टाकवली. विश्वासू अधिकाऱ्यांपुरती चार-पाच पिस्तुले तेवढी ठेवली. आपल्याच माणसांना मरणाच्या कक्षात धाडायचे, त्यांच्याच सोबत्यांपासून शस्त्रे दूर करायची आणि शेवटी उरलेल्यांना जिवंत परत न्यायचे. हे तिन्ही एकाच माणसाच्या माथी आले होते. त्यांच्यामागे ठाम उभे राहिलेल्यांत वासिली आर्खिपोव हे अधिकारी होते. पुढल्याच वर्षी क्यूबाच्या पेचप्रसंगात, बी-५९ या पाणबुडीवरून अण्वस्त्र डागण्यास विरोध करणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे आर्खिपोव.

अखेर एस-२७० या पाणबुडीने क्षीण संदेश टिपला आणि ती मदतीस आली. अमेरिकन जहाजांनीही मदत देऊ केली होती. गुपिते उघडी पडतील म्हणून झातेयेव यांनी ती नाकारली. हा निर्णय मला आजही सलतो. राष्ट्राच्या रहस्याचे पारडे किती जड धरावे? तसेच, भट्टी थंड झाली नसती तर प्रचंड स्फोट होऊन महायुद्ध पेटले असते, ही पाणबुडीवरची समजूत कितपत खरी होती, याविषयी पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले. अणुभट्टी अणुबाँबसारखी फुटत नाही हे खरेच. पण त्या पहाटे त्या माणसांपाशी जेवढे ज्ञान होते, त्यावरच त्यांच्या कृतीचे मोल ठरवले पाहिजे.

भट्टीच्या कक्षात काम करणारे आठ जण तीन आठवड्यांच्या आत मरण पावले. कोर्चिलोव तर आठवडाभरातच गेले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे : बांधणीच्या वेळी नळीवर संरक्षक आच्छादन न घालता झाळकाम केले गेले, वितळलेल्या धातूचा एक थेंब नळीवर पडला आणि डोळ्यांना न दिसणारी चीर राहिली.

वाचलेल्यांना मौनाची सक्ती झाली. पदके देण्यात आली, पण ती कशासाठी हे घरी सांगण्याची मुभा नव्हती. सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या वर्षांत बंधने सैल होताच झातेयेव स्वतः बोलू लागले आणि गेलेल्यांची नावे लोकांसमोर आली. २००६ साली मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी या खलाशांना नोबेल शांतता पुरस्कार मिळावा म्हणून शिफारस केली. तोवर झातेयेव आणि आर्खिपोव दोघेही हयात नव्हते. १९९८च्या ऑगस्टमध्ये, काही दिवसांच्या अंतराने, त्यांचे निधन झाले होते. झातेयेव यांचे दफन मॉस्कोतील कुझमिंकी दफनभूमीत झाले. भट्टीच्या कक्षात गेलेल्यांपैकी काही जण १९६१पासून तेथेच विसावले होते.