हिंदू क्रिकेट संघाच्या निवडीचा वाद (पालवणकर बंधू)

हिंदू क्रिकेट संघाच्या निवडीचा वाद हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात सुरू झालेला आणि पुढे मुंबईच्या तिरंगी व चौरंगी स्पर्धांमध्ये १९२३ पर्यंत चाललेला वाद होय. चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांना सवर्ण हिंदूंच्या संघात घ्यावे की नाही, हा या वादाचा आरंभीचा प्रश्न होता. पुढे बाळू व त्यांचे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल यांनी संघातील आपले स्थान पक्के केल्यावर संघाचे कर्णधारपद त्यांच्यापैकी कोणाला द्यावे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि या वादाचा शेवट झाला. भारतीय क्रीडा इतिहासाबरोबरच अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासातही या प्रकरणाला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

पालवणकर बाळू यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. पालवण या मूळ गावावरून कुटुंबाला पालवणकर हे आडनाव मिळाले. वडिलांच्या लष्कराशी संबंधित नोकरीमुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व शिवराम हे दोघे भाऊ क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि प्रसंगी सरावासाठी सभासदांना चेंडू टाकणे ही त्यांची कामे होती व त्यासाठी दरमहा ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर रुजू झाले. तेथे खेळपट्टीची निगा राखण्याबरोबरच ते जाळीत गोलंदाजी करू लागले. पुढे हॅम्पशायरकडून कौंटी क्रिकेट खेळलेले कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या वेळी पुण्यातील आघाडीचे फलंदाज होते. ते इतर सभासदांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर दीर्घकाळ सराव करीत. ग्रेग यांना बाद केल्यास बाळूंना प्रत्येक वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. या सरावातून बाळूंची गोलंदाजी कसदार झाली. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही, कारण नोकराने चेंडू टाकावा आणि साहेबाने तो मारावा अशीच क्लबातील रीत होती.

पुण्यातील वाद

पूना क्लबाला आव्हान देऊ पाहणाऱ्या पुण्यातील हिंदू क्लबापुढे बाळूंच्या निवडीचा प्रश्न प्रथम आला. युरोपियन फलंदाजांचे गुणदोष बाळूंइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही अस्पृश्य मानल्या गेलेल्या खेळाडूला बरोबर घेऊन खेळण्यास क्लबातील अनेक सभासद तयार नव्हते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या नोंदीनुसार काही तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूचे होते, तर पुण्यातील ब्राह्मण सभासदांचा त्यांना विरोध होता. बाळूंच्या गोलंदाजीचा लाभ न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत ग्रेग यांनी वृत्तपत्रातून व्यक्त केले. अखेर सामना जिंकण्याची निकड भारी ठरली आणि बाळूंची निवड झाली.

ही निवड मैदानापुरतीच मर्यादित राहिली. मैदानावर सवर्ण खेळाडू बाळूंनी हाताळलेल्या चेंडूला स्पर्श करीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. हे भांडे नंतर फेकून देता येत असे. जेवणासाठी त्यांचे ताट व जागा वेगळी असे. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते अस्पृश्य सेवकाकरवीच आणून दिले जाई.

सातारा येथील गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात बाळूंची फिरकी निष्प्रभ करण्यासाठी यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवल्याचे सांगितले जाते. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले व पुण्याचा संघ विजयी झाला. या काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंच्या सहकाऱ्यांना उद्देशून, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणेही केले पाहिजे, अशी भूमिका मांडली. रानडे यांच्या हस्ते बाळूंचा जाहीर सत्कार झाला. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला.

मुंबईतील निवड आणि १९०६ चा सामना

१८९६-९७ च्या सुमारास पुण्यात प्लेगची साथ पसरली. त्यानंतर बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून पुन्हा तोच वाद झाला. काही गुजराती सभासदांनी विरोध केला, परंतु कर्णधार कीर्तीकर यांच्या आग्रहामुळे बाळूंचा संघात समावेश झाला. पुढे ते बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीस लागले व रेल्वेच्या संघाकडूनही खेळले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू व युरोपियन संघांत झालेल्या सामन्यात हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ बळी घेतले. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारणावादी नियतकालिकाने या विजयाचे विशेष स्वागत केले. जातिभेद बाजूला ठेवून केलेली निवड यशस्वी ठरते, हा या विजयाचा अर्थ सुधारकांनी लावला. १९०७ मध्ये पारशी संघाच्या सहभागाने तिरंगी स्पर्धा, तर १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने चौरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१३ पर्यंत चारही पालवणकर बंधू हिंदू संघाकडून खेळू लागले होते.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व समाजांतील खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. या संघाची निवड करताना पारशी, हिंदू व मुस्लिम यांचे प्रमाण राखण्यात आले होते. बाळू व शिवराम या दोघांची निवड झाली. संघाची एकूण कामगिरी निराशाजनक होती. बाळूंनी मात्र दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले असल्याचे गुहा यांनी नमूद केले आहे.

कर्णधारपदाचा प्रश्न

इंग्लंड दौऱ्यानंतर बाळूंच्या निवडीला उघड विरोध उरला नाही. वादाचा विषय बदलला. संघातील सर्वांत अनुभवी व यशस्वी खेळाडू असूनही बाळूंना कर्णधारपद का मिळत नाही, असा प्रश्न त्यांचे समर्थक विचारू लागले. हे पद उच्चवर्णीय खेळाडूंकडेच राहिले. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतः १९१३ मध्ये एका समारंभात, ज्येष्ठता व अनुभव पाहता हा मान बाळूंना मिळावयास हवा होता, असे सांगितले होते.

गोलंदाज हा संघाच्या उपयोगाचा खेळाडू असतो. कर्णधार मात्र इतरांना आज्ञा देतो आणि बाहेरच्या जगापुढे संघाचे, येथे पर्यायाने संपूर्ण हिंदू समाजाचे, प्रतिनिधित्व करतो. अस्पृश्य खेळाडूचे कौशल्य स्वीकारणारे अनेक जण त्याचे नेतृत्व स्वीकारण्यास तयार नव्हते. या वादाचे मर्म येथे होते.

१९२० चा बहिष्कार

डिसेंबर १९२० मधील चौरंगी स्पर्धेत हा वाद टोकाला गेला. पै आजारी असल्याने मुस्लिम संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात खेळू शकत नव्हते. चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर हे उत्तम फलंदाज व संस्कृतचे प्राध्यापक होते. तथापि संघातील ज्येष्ठतेने विठ्ठल व शिवराम हे त्यांच्या पुढे होते.

विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यांनी जाहीर निवेदन काढून, ही निवड खेळाच्या निकषांवर नसून जातीच्या आधारे झाल्याचा आरोप केला. महात्मा गांधी त्या सुमारास अस्पृश्यतानिवारणाचा आग्रह धरीत होते. त्यामुळे या बहिष्काराला मोठा जनपाठिंबा मिळाला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने पालवणकर बंधूंची बाजू घेतली. हिंदू संघाने मुस्लिम संघाला हरवले, परंतु वाद शमला नाही.

पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले. तडजोड म्हणून पालवणकर बंधूंना संघात परत घेण्यात आले व बाळूंची उपकर्णधारपदी नेमणूक झाली. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि त्या वेळेपुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. सामना अनिर्णित राहिल्याने विजेतेपद दोन्ही संघांत विभागून देण्यात आले. बाळूंना पूर्ण सामन्यासाठी कर्णधारपद कधीच मिळाले नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले.

विठ्ठल यांचे कर्णधारपद

१९२१ च्या स्पर्धेत युरोपियन, तर १९२२ मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेत पारशी संघ विजयी झाला. १९२३ मध्ये निवड समितीने विठ्ठल पालवणकर यांना कर्णधार नेमले. त्या वर्षी अंतिम सामन्यात युरोपियनांचा पराभव करून हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. १९२५ व १९२६ मध्येही हिंदू संघ विजेता ठरला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र लिहिले. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

परिणाम व मूल्यमापन

बाळू पुढे राजकारणात आले. सप्टेंबर १९३२ मधील पुणे कराराच्या स्वाक्षरीकर्त्यांत त्यांचा समावेश होता. १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. त्यांना ११,२२५, तर आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. देवधर यांनी १९३९-४० व १९४०-४१ मध्ये महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. १९७३-७४ मध्ये सुरू झालेली देवधर करंडक स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते. धर्माधारित स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाल्या.

या प्रकरणाचे मूल्यमापन दोन अंगांनी केले जाते. सार्वजनिक जीवनात गुणवत्तेने जातीच्या भिंतीला पाडलेले हे आरंभीचे मोठे खिंडार होते, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार बदलाचा वेग फार मंद होता. मैदानावरील प्रवेशापासून कर्णधारपदापर्यंतचे अंतर कापण्यास एका कुटुंबाला पाव शतकाहून अधिक काळ लागला आणि ज्यांच्यामुळे हा प्रश्न उभा राहिला त्या बाळूंना त्याचे फळ मिळाले नाही. रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या ग्रंथामुळे हा विस्मृतीत गेलेला इतिहास पुन्हा चर्चेत आला. ‘लगान’ (२००१) या चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजाच्या व्यक्तिरेखेचा संबंध अनेकदा बाळूंशी जोडला जातो.

हे सुद्धा पहा

पालवणकर बाळू
विठ्ठल पालवणकर
दि. ब. देवधर
मुंबई चौरंगी स्पर्धा
पुणे करार