चोरीस-कोबी

चोरीस-कोबी : गोव्याचे चोरीस आणि चिरलेला कोबी एकाच कढईत परतून केलेले सुके कालवण. चोरीस म्हणजे मसाला व माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून, आतड्यात भरून वाळवलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज. वेगळे वाटण नाही, फोडणी नाही आणि भांडेही एकच, त्यामुळे कामावरून दमून आल्यावर पाऊण तासात रात्रीचे जेवण होते. गोव्यात असे कालवण पावाबरोबर किंवा भाताबरोबर खातात. हुबळी-धारवाडकडे त्याला जोंधळ्याच्या भाकरीची उत्तम जोड मिळते.

जिन्नस आणि वाटा : या पदार्थातली दोन्ही नावे पोर्तुगीज भाषेतून आली आहेत. ‘शोरिसु’वरून चोरीस आणि ‘कोव्ह’वरून कोबी. मराठी घरात कोबी इतका मुरला आहे की त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानातही येत नाही. खुद्द पोर्तुगालच्या उत्तरेकडील मिन्यो प्रांतात कोबीच्या जातीची पाने, बटाटा आणि सॉसेजच्या चकत्या घालून ‘काल्दु वेर्द’ नावाचे सूप करतात, तेव्हा ही जोडी मुळातच जुनी आहे. गोव्यात मात्र सॉसेजने वेगळे रूप घेतले. तिथे त्यात लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी आणि माडाच्या सुरेचे आंबट व्हिनेगर आले, आणि आतड्याला ठिकठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारून मण्यांच्या माळा करण्याची रीत पडली. पावसाळ्यासाठी जिनसा साठवून ठेवण्याच्या ‘पुरुमेंत’ या गोमंतकीय प्रथेत या माळांना मानाचे स्थान आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या टांगलेल्या दिसतात.

हुबळी आणि गोवा यांना जोडणारी रेल्वे १८८०च्या दशकात झाली. हुबळीहून लोंढा, तिथून कॅसलरॉक, मग दूधसागरवरून घाट उतरून मुरगावपर्यंत. १९६१पर्यंत कॅसलरॉकजवळ दोन राज्यसत्तांची हद्द होती आणि जकातीची तपासणी होई. आज याच डोंगररांगेतल्या घाटरस्त्यांनी बेळगाव भागातली भाजी रोज गोव्यात उतरते, गोव्याचे स्वयंपाकघर बरेचसे तिच्यावर चालते. आणि गोव्याहून परतणाऱ्याच्या पिशवीत चोरिसाची माळ घाट चढते. कोबी खाली जातो, चोरीस वर येते. हुबळी-धारवाडमध्ये कढई चढवणाऱ्याला कोबी बाजारात ताजा मिळतो आणि चोरीस वाळवलेले असल्यामुळे प्रवासात टिकते. पदार्थाचा सगळा सोपेपणा या दोन गोष्टींत आहे.

कृती : चौघांसाठी चोरिसाचे सुमारे २०० ग्रॅम मणी, अर्धा किलो कोबी, दोन मोठे कांदे आणि हवे असल्यास दोन बटाटे. मण्यांचे दोरे कात्रीने कापावेत, आतड्याचे आवरण सोलून टाकावे आणि आतले मांस बोटांनी मोकळे करावे. जाड बुडाच्या कढईत ते अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवावे. तेल घालू नये. हे मांस मुरवलेले असले तरी कच्चे असते, म्हणून या पायरीला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. पाणी आटत आले की कढईतला आवाज बदलतो, उकळण्याची खदखद थांबून चुरचुर सुरू होते आणि मांसाच्या कडेने नारिंगी-लाल चरबी सुटते. मिरचीचा रंग पाण्यापेक्षा चरबीत अधिक उतरतो, म्हणून हा तवंग इतका तेजस्वी दिसतो. कांदा याच क्षणी घालावा, आधी नाही.

कांदा मऊ झाला की उभा, जाडसर चिरलेला कोबी घालावा. कढई प्रथम ओसंडून वाहील असे वाटते. झाकण ठेवून पाच मिनिटांनी पाहिले तर कोबी निम्म्यावर बसलेला असतो. कोबीत ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे वरून पाणी घालण्याची गरज नाही. पुढची पाच मिनिटे झाकण काढून परतावे. कोबी फार शिजला की गंधकयुक्त वास सोडतो, म्हणून पानाच्या देठात थोडा करकरीतपणा असतानाच आच बंद करावी. मीठ शेवटी, चव घेऊनच. बहुतेकदा लागतच नाही.

हा पदार्थ बिघडतो तो बटाट्यापाशी. आंबटात भाजी लवकर शिजत नाही, कारण आम्लामुळे तिच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सहज सुटत नाही. कोबीला ते मानवते, त्याचा लगदा होत नाही. कच्चा बटाटा मात्र व्हिनेगरच्या त्या रसात अर्धा तास घालवूनही आतून कडक राहतो. त्यामुळे तो आधी उकडून, फोडी करून कोबीबरोबरच घालावा.

प्रकार : डुकराचे मांस न खाणाऱ्या घरांत चिकन सॉसेज वापरता येते, पण पद्धत बदलावी लागते. त्यात चरबी कमी आणि मसाला जवळजवळ नसतो. तेव्हा दोन चमचे तेलात लसूण परतून, चकत्या तांबूस करून, त्यावर बेडगी मिरचीची पूड आणि चमचाभर व्हिनेगर घालावे. बेडगी मिरची हुबळीच्या शेजारचीच. तिला नाव देणारे ब्याडगी हे गाव १९९७पर्यंत धारवाड जिल्ह्यात होते, आता हावेरी जिल्ह्यात आहे. या मिरचीला २०११मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिखटपणा कमी आणि रंग गडद असल्यामुळे चोरिसाच्या रंगाची उणीव ती पुष्कळशी भरून काढते. मुरलेल्या मांसाची चव अर्थातच तिला आणता येत नाही.

वाढणी : जोंधळ्याची मऊ भाकरी यासाठी सर्वांत चांगली. तिला स्वतःचा किंचित गोडवा असतो आणि चरबी ती पावापेक्षा सावकाश शोषते, त्यामुळे शेवटच्या घासापर्यंत तिचा गिचका होत नाही. सोबत कच्चा कांदा आणि दही पुरे. उरलेले कालवण दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. सकाळी तेच मंद आचेवर गरम करून शिळा भात त्यात परतावा.