मिशन ट्रिपचा जमाखर्च

मंडळी, इथे अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्यापैकी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच: "मुलीच्या मैत्रिणीच्या चर्चचा यूथ ग्रुप आठवडाभर मध्य अमेरिकेत घरं बांधायला चाललाय. हीसुद्धा जायचं म्हणतेय. पाठवावं का?" मग कुणी म्हणतं, धर्मांतर करतील, कुणी म्हणतं, कॉलेजच्या अर्जात छान दिसेल. मी पडले सीए. मला आधी जुनी खाती उघडून बघायची सवय. आणि या खात्याची सुरुवातीची पानं चक्क आपल्या मुंबईची आहेत!

१८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी बाहेर जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथेच परदेशात धर्मप्रसाराला जायची कल्पना निघाली. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, तरी टिकून राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या. पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुले त्यांची शाळा बघून प्रभावित झाले होते. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडेही घेतलं, असं सांगतात. हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि तो उघड होता. पण ही माणसं आयुष्यभरासाठी आली होती.

विसाव्या शतकात हिशोब बदलला. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजचा विद्यार्थी सुट्टीत दोन मित्रांना घेऊन ट्रकने मेक्सिकोला गेला. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी तरुणांना थोड्या काळासाठी पाठवणारी संस्था काढली. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला आणि आयुष्यभराचं काम आठवड्यावर आलं.

आता माझ्या आवडीचा भाग, आकडे! १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हाहाकार माजवला. उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट घरं बांधायला धावले. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने नंतर त्या घरांचा हिशोब मांडला. स्थानिक संस्थेने बांधलेलं घर साधारण २,००० डॉलरला पडलं. पाहुण्या गटाने बांधलेलं, प्रवासखर्च धरून, सुमारे ३०,००० डॉलरला. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरं! आणि घर कुणी बांधलं, याने तिथल्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही.

म्हणून ट्रिप वाईट का? नाही. उन्हातान्हात विटा उचलणं, अनोळखी घरी पंगतीला बसणं, आपल्याकडे किती आहे ते कळणं, हे सोळाव्या वर्षी मिळालं तर सोनंच. फक्त नोंद चुकीच्या खात्यात होते. त्यातला बहुतेक खर्च दान नसतो, आपल्या लेकराच्या शिक्षणाचा असतो. शिक्षण म्हणून परवडत असेल तर खुशाल पाठवा. दान करायचं असेल तर तिथल्या स्थानिक संस्थेला थेट पैसे द्या.

फॉर्मवर सही करण्याआधी चार प्रश्न जरूर विचारा. काम कुणी मागितलं, तिथल्या लोकांनी की इथल्या आयोजकांनी? तिथल्या गवंड्याचा रोजगार तर जात नाही ना? आपण परतल्यावर वर्षभर तिथे कोण असतं? प्रार्थना, प्रवचन किती, आणि वेगळ्या धर्माच्या मुलाने त्यात बसलंच पाहिजे का? चांगला यूथ लीडर यातल्या एकाही प्रश्नाने रागावत नाही.

आणि विमानाचं तिकीट वाचवायचं असेल तर अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागात १९६९ पासून असे गट गरिबांची घरं दुरुस्त करायला जातात. गरिबी बघायला दरवेळी पासपोर्ट लागतोच असं नाही.

तुमच्या मुलांपैकी कुणी जाऊन आलं असेल तर खाली जरूर लिहा. खर्चाच्या आकड्यासकट हं!