दापोडीची बाग आणि गाणी गावची देवराई

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आरंभ करतो. फार तर मोरया गोसावींपर्यंत मागे जातो. या दोहोंच्या मधल्या काळात आजच्या दापोडीत एक वनस्पतिउद्यान होते, याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. मुंबई सरकारने ते १८२८ मध्ये उभारले. १८३८ पासून त्याची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आली. त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतलेली वनस्पतींची चित्रे एडिंबरोच्या शाही उद्यानात जपलेली आहेत; चित्रकाराचे नाव मात्र मागे उरले नाही.

गिब्सन केवळ बागेत रमणारा नव्हता. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, खाड्या आणि नद्या गाळाने भरतात, हे कोकणात पाहून त्याने १८४० च्या दशकातच सरकारच्या कानी घातले. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याचे निरीक्षण अचूक होते. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली, तिचे गृहीत मात्र असे होते की रानाचा शत्रू म्हणजे रानाच्या आश्रयाने जगणारा माणूस आणि रानाचा राखणदार म्हणजे सरकार. त्याच सरकारला मुंबईच्या गोदीसाठी साग हवा होता, ही गोष्टही विसरता येत नाही. १८७८ च्या वनकायद्याने या गृहीतावर शिक्कामोर्तब केले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, ते गुरचरणाला मुकलेल्या कुणब्याच्या बाजूने. आपल्या भाषेतील वनव्यवस्थापनाची ती पहिल्या काही समीक्षांपैकी एक होय. पण पर्यावरणाच्या तासाला तिचा उल्लेख कोणी करीत नाही.

या गृहीताला शास्त्राच्या अंगाने धक्का बसायला १९७० चे दशक उजाडावे लागले. १९७१ मध्ये हार्वर्डहून पुण्यास परतलेले माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत असताना सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास हाती घेतला. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी त्यांना मदतीसाठी हाक दिली होती. तेथील काळकाईची राई तोडली जाणार होती, आणि राई गेली तर ओढा आटेल, हे गावकऱ्यांचे म्हणणे होते. म्हणजे गिब्सनने अहवालात जे मांडले, ते या गावाला ठाऊकच होते. शिवाय गावाने त्यावरून एक नियमही घालून घेतला होता. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा तो नियम. देवीचा धाक हे त्या नियमाचे बाह्य रूप; आत पाण्याचा हिशेब होता. १९७५-७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोघांच्या निबंधांनी देवराई हा विषय जगभरच्या अभ्यासकांसमोर आणला.

देवराईचे गुणगान करून थांबणे मात्र योग्य नव्हे. धाक ओसरला की राई उघडी पडते, आणि भक्ती वाढली तरी तिची सुटका नसते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंटचा सभामंडप उठतो आणि त्यासाठी झाडे जातात. म्हणूनच गाडगीळ पुढे नुसत्या श्रद्धेवर विसंबले नाहीत. गावाने आपल्या जैवविविधतेची नोंदवही स्वतः लिहावी, हा आग्रह त्यांनी धरला आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर अशा नोंदवह्यांना कायद्याचे अधिष्ठान लाभले. महाविद्यालयीन शिक्षक व विद्यार्थ्यांना पश्चिम घाटाच्या नोंदींत सामील करून घेण्याचा त्यांचा प्रयोग नव्वदच्या दशकातला.

येथे आम्हां शिक्षकांचा संबंध येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर पर्यावरणशिक्षण सक्तीचे झाले. पदवीच्या वर्गांनाही तो विषय आला. प्रत्यक्षात काय घडते? ओझोनचा थर आणि ॲमेझॉनचे अरण्य यांवर प्रकल्प लिहिले जातात, एकाचे दुसरा उतरवून घेतो, गुण मिळतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुले आमच्यापुढे बसतात. त्यांतील कित्येकांची मूळ गावे खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत आहेत. त्यांच्या आजीला ठाऊक असलेली राई आमच्या अभ्यासक्रमाला ठाऊक नाही. शहर पवनेचे पाणी पिते. ते पाणी ज्या डोंगरांवरून येते, तेथील माणसांविषयी पाठ्यपुस्तक मौन पाळते. २०११ मध्ये पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीला विरोध करताना मावळातील तीन आंदोलकांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण गमावले, ही घटनाही त्या मौनाबाहेर येत नाही.

गिब्सनकडून निरीक्षणाची शिस्त घ्यावी, फुल्यांकडून प्रश्न घ्यावा आणि गाडगीळ-वर्तकांकडून गावाचे ऐकून घेण्याची रीत घ्यावी. अमुक राईत कोणती झाडे आहेत, तिच्या पायथ्याचा झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, मागल्या पिढीत तो कधीपर्यंत वाहत असे, एवढे जरी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावी विचारून लिहून आणले, तरी काही वर्षांत भीमा-इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यांची अशी एक बखर तयार होईल, जी कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. सक्तीच्या विषयाला याहून चांगले प्रयोजन आम्हांस तरी सुचत नाही.