उंब्रजचा मारुति

लहानपणीं भीमरूपी स्तोत्र म्हणतांना आमच्या डोळ्यांपुढें जो मारुति उभा राही, त्याचें मस्तक आभाळास टेकलेलें असे. परवां कृष्णा व तारळी यांच्या संगमावरील उंब्रज गांवीं समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एकाच्या दर्शनाचा योग आला. गाभाऱ्यांत डोकावून आमचे धाकटे चिरंजीव म्हणाले, "एवढाच?" आम्ही त्यांस गप्प केलें, परंतु आमच्याहि मनांत तोच शब्द आला होता. मूर्ति जेमतेम पुरुषभर उंच.

मग स्थापनेचें साल आठवलें : शके १५७१, म्हणजे इ. स. १६४९. त्या वेळीं कऱ्हाड प्रांतावर विजापूरकरांचा अंमल होता. मोठें देऊळ उठवावयाचें तर पाथरवट, द्रव्य आणि दरबारची मर्जी हवी. ही मूर्ति चुना, वाळू व ताग यांची असल्याचें सांगतात. हें साहित्य कोणत्याहि खेड्यांत मिळे. अकरा मारुति म्हणजे राजकारणाचें गुप्त जाळें, असें वर्गांत आम्ही वर्षानुवर्षें ठणकावून सांगितलें. पुरावा मात्र कधीं दिला नाहीं. येथें दिसतें तें इतकेंच कीं, गांवास स्वतःच्या बळावर घडवितां व सांभाळतां येईल एवढा हा देव आहे.

निघतांना पाहिलें, तों चिरंजीव मूर्तीशीं आपली उंची ताडून पाहत होते.