सेप्सिसची चाहूल : कोणती गुणपद्धती भरवशाची?

मिहानमधील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रार्पण झाली आणि विदर्भातील गंभीर रुग्णांना उपचाराचे आणखी एक मोठे केंद्र मिळाले. मात्र, दूरच्या गावाहून निघालेला रुग्ण येथे पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून गेलेले असतात. सेप्सिसमध्ये तर हेच तास निर्णायक ठरतात. म्हणूनच रुग्णाच्या खाटेशेजारी मोजता येणाऱ्या गुणपद्धतींना महत्त्व आहे.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे म्हणजे सेप्सिस. २०१७ मध्ये जगभरात ४ कोटी ८९ लाख जणांना सेप्सिस झाला व त्यातील १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे.

तीन पद्धती

'सर्स' (१९९१) : ताप, नाडी, श्वसन आणि पांढऱ्या पेशी या चारपैकी दोन निकष बिघडले की धोक्याची सूचना. मात्र, साध्या तापातही ही सूचना मिळते. उलट, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०१५ च्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील आठपैकी सुमारे एक रुग्ण तिच्यातून निसटला.

'क्यूसोफा' (२०१६) : मिनिटाला २२ वा अधिक श्वास, वरचा रक्तदाब १०० वा कमी आणि बदललेली शुद्ध; यांपैकी दोन लक्षणे. ही पद्धत सर्वांत सोपी. पण ती सकारात्मक येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

'न्यूज-२' (२०१७) : ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची पद्धत. श्वसन, रक्तातील प्राणवायू, बाहेरून दिलेला प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण दिले जातात. एकूण पाच गुणांना तातडीची तपासणी, तर सात गुणांना आणीबाणी.

एकच रुग्ण, तीन निकाल

समजा, रुग्णाचे तापमान ३८.६ अंश सेल्सिअस, नाडी ११२, श्वसन २४, रक्तदाब ११०, प्राणवायू ९४ टक्के असून तो पूर्ण शुद्धीवर आहे. 'सर्स'चे तीन निकष भरतात. 'क्यूसोफा'चा मात्र एकच गुण होतो, म्हणजे धोका नाही! 'न्यूज-२'नुसार हाच रुग्ण सात गुणांवर, आणीबाणीत जातो. या तफावतीमुळेच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी केवळ 'क्यूसोफा'वर विसंबू नये, असे बजावले. सेप्टिक शॉक असल्यास वा सेप्सिसची दाट शक्यता असल्यास तासाभरात प्रतिजैविके द्यावीत, असेही त्यांत नमूद आहे.

गडचिरोलीचा धडा

यंत्रांविनाही हे साधते, याचा दाखला विदर्भातच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील खेड्यांत गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळांमधील सेप्सिस ओळखण्यास शिकवले. दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार लागणे अशा सात लक्षणांपैकी कोणतीही दोन दिसली की उपचार सुरू. या घरपोच नवजात सेवेमुळे तेथील नवजात मृत्यूंमध्ये सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले.

गुणपद्धती निदान करीत नाही. ती केवळ इशारा देते. तापासोबत धाप, गोंधळलेपणा, लघवी कमी होणे वा अंग गार पडणे यांपैकी काही आढळल्यास गुणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणेच श्रेयस्कर.